घडीच्या मापाचे कपाट : प्रस्तावना

राहत्या घरातील एखाद्या भिंतीला धरून, त्या भिंतीच्या लांबी-उंचीत नेमके बसेल आणि त्या घरातील माणसांच्या कपड्यांना पुरेल, असे कपाट जागेवर बेतून बांधणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. शहरी घरांत वॉर्डरोब या नावाने ओळखली जाणारी ही वस्तू आज दोन खोल्यांच्या सदनिकेपासून प्रशस्त बंगल्यापर्यंत सर्वत्र दिसत असली, तरी तिच्याविषयी विचारपूर्वक लिहिलेले मराठीत फारसे सापडत नाही. जे सापडते ते बहुधा दारांचे रंग, मुठींचे आकार आणि आरशांच्या जागा यांपुरते असते, आणि दार उघडल्यावर आत काय असावे, किती असावे व कोणाच्या हाताला लागेल असे असावे, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. तयार विकत मिळणारे कपाट आणि घरी बेतलेले कपाट यांतील खरा फरक किमतीचा किंवा शोभेचा नसून मापाचा आहे, आणि ते माप भिंतीवरून नव्हे तर आत ठेवावयाच्या कपड्यांवरून सुरू झाले पाहिजे, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत कपडे ठेवण्याची व्यवस्था घराच्या बांधणीतूनच निघालेली होती. रोजचे कपडे खुंटीवर किंवा वलणीवर, म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या आडव्या काठीवर अथवा दोरीवर, राहत; ठेवणीतली वस्त्रे पेटाऱ्यात किंवा पुढे पत्र्याच्या ट्रंकेत जात; आणि या दोहोंच्या मधले सारे फडताळात, म्हणजे भिंतीच्या जाडीतच खण काढून त्याला झडपा लावलेल्या कपाटात, मावत असे. वाड्यांच्या भिंती हात-दोन हात जाडीच्या असल्यामुळे फडताळाला खोलीतली जागा द्यावी लागत नव्हती आणि कोनाडा, देवळी व फडताळ हे भिंतीचेच भाग समजले जात. विसाव्या शतकात विटांच्या पातळ भिंती आल्या, चाळी व सदनिका उभ्या राहिल्या आणि भिंतीच्या पोटातली ही साठवण नाहीशी झाली. तिची जागा लोखंडी कपाटाने घेतली. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांच्या उत्पादनापासून सुरुवात केलेल्या कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास आरंभ केला, आणि पुढील अर्धशतकात साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फुटाहून थोडे अधिक खोल असे हे कपाट मध्यमवर्गीय संसाराचा, विशेषतः लग्नाच्या खरेदीचा, जवळजवळ अपरिहार्य भाग बनले. ते टिकाऊ होते, कुलूपबंद होते आणि भाड्याचे घर बदलताना बरोबर नेता येत होते. स्वतःच्या मालकीच्या सदनिकांची संख्या वाढली तेव्हा मात्र बरोबर नेण्याचे महत्त्व कमी झाले, दर चौरस फुटाला मोजलेली किंमत डोळ्यांपुढे आली आणि कपाटाच्या डोक्यावरची व बाजूची रिकामी जागा खटकू लागली. आजचे भिंतीला भिडवलेले, छतापर्यंत गेलेले लाकडी कपाट या गरजेतून जन्मले. एका अर्थाने ते फडताळाचेच पुनरागमन आहे, फक्त आता ते भिंतीच्या पोटात नसून भिंतीच्या पुढे उभे असते आणि खोलीतील दोन फूट जागा घेते.

ही दोन फुटांची सवय कोठून आली, हे पाहणे महत्त्वाचे आहे. खांदे शिवून आकार दिलेला कोट घडी घालून ठेवला की बिघडतो, म्हणून तो हँगरवर टांगावा लागतो. हँगरची रुंदी १७ ते १८ इंच असते, तिच्यात बाह्यांचा फुगवटा आणि दारामागची मोकळीक धरली की आतून किमान २२ इंच आणि बाहेरून २४ इंच हे माप ठरते. युरोपीय व अमेरिकी कपाटांचा सारा हिशेब या टांगलेल्या वस्त्रावर उभा आहे आणि तोच हिशेब कॅटलॉगांतून जसाच्या तसा येथे आला. मराठी घरातील वस्त्रसंभार मात्र मुख्यतः घडीचा आहे. साडीला खांदे नसतात. पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांबीची, नऊवारी आठ मीटरच्या आसपास, आणि दोन्ही घडी केल्यावर साधारण १४-१५ इंच लांब व १०-१२ इंच रुंद अशा चपट्या आयतात बसतात. धोतर, उपरणे, परकर, ओढण्या, सलवारी, चादरी, अभ्रे, टॉवेल, सोवळे हे सारे घडीचेच. अशा वस्तूंसाठी २२ इंच खोल फळी केली की पुढे एक थप्पी बसते, तिच्यामागे सात-आठ इंचांची न दिसणारी पोकळी उरते, त्या पोकळीत दुसरी अर्धी थप्पी कोंबली जाते, आणि मागचे कपडे वर्षानुवर्षे कोणाच्या हाताला लागत नाहीत. कपाट भरलेले असूनही नेसायला काही सापडत नाही, या घरोघरच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा फळीच्या या फाजील खोलपणात असते.

यावर उपाय आहेत आणि ते सर्व घरच्या घरी करता येण्याजोगे आहेत. जेथे केवळ घड्याच ठेवायच्या आहेत तो उभा खण आतून १६ इंच खोल करावा आणि उरलेली जागा खोलीला परत द्यावी किंवा खणाच्या मागे वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंसाठी राखावी; अथवा पूर्ण खोलपणा ठेवून फळीऐवजी चॅनेलवर सरकणारे उथळ ट्रे बसवावेत, म्हणजे ट्रे बाहेर ओढताच मागची घडीही समोर येते. ट्रे खर्चिक असतात, फळ्या स्वस्त असतात. म्हणून कमरेच्या उंचीपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत ट्रे आणि त्याच्या वर-खाली फळ्या, ही वाटणी बहुतेक घरांना परवडते. दोन फळ्यांमधील अंतर १० ते १२ इंच पुरते, कारण एका थप्पीत सहा-सातांहून अधिक साड्या रचल्या की तळची साडी ओढताना वरची सगळी थप्पी विस्कटते. पैठणीसारख्या जरीच्या साडीला यापेक्षा वेगळी वागणूक हवी. जरीतील चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते आणि एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेली घडी रेशमाचे धागे मोडते. म्हणून अशा साड्यांसाठी एकावर एक दोन-तीनच मावतील असा पाच-सहा इंच उंचीचा उथळ खण असावा, साडी धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळलेली असावी, डांबरगोळ्या तिला स्पर्श करणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि वर्षातून दोनदा तरी घडी मोडून नव्या जागी घालावी. ज्या घरात आजीच्या, आईच्या पैठण्या जपल्या जातात, त्या घरातील कपाटाचा हा एक खण इतर सर्व खणांपेक्षा अधिक काळजीने बांधला गेला पाहिजे, यात शंका नाही.

टांगण्याचा भाग अर्थातच हवा, पण तो मोजून हवा. शर्ट व सदरे यांना दांडीपासून खाली सुमारे ४० इंच पुरतात, म्हणून अशा दोन दांड्या एकावर एक सात फुटांच्या आत बसतात. गुडघ्याखाली जाणारे कुर्ते, शेरवानी, अनारकली यांना ५० ते ६० इंच लागतात, त्यांच्यासाठी एखादा अरुंद उभा खण पुरतो. घरातील टांगायच्या कपड्यांची संख्या मोजून, प्रत्येकाला दांडीवर इंचभर ते दोन इंच जागा धरली, तर बहुतेकांना आढळेल की कॅटलॉगातील चित्रात दांडीला दिलेली अर्धी लांबीसुद्धा त्यांना पुरेशी आहे.

दांडी व फळी किती उंचीवर असावी, हा प्रश्नही याच जातीचा आहे. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराने आपली मॉड्युलॉर नावाची मापपद्धती बसवली ती १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट, उंचीच्या पुरुषावर. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र पाच फुटांच्या आसपास आहे. भारतीय शरीरांची मापे घेऊन सिद्ध केलेला देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रकाशित केला, तेव्हापासून अशी मापे हाताशी असूनही घरगुती फर्निचरात ती क्वचितच वापरली जातात. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा हात टाचा न उचलता सव्वासहा फुटांच्या आसपास पोचतो, आणि फूटभर आत असलेली वस्तू उचलताना ही पोच आणखी कमी होते. म्हणून तिची दांडी पावणेसहा फुटांहून वर जाऊ नये. कपाट ज्याच्या पैशाने होते त्याच्या उंचीवर नव्हे, तर ज्याच्या हाताने रोज उघडले जाते त्याच्या उंचीवर बेतले पाहिजे. घरात वृद्ध माणसे असतील तर त्यांचे कपडे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात यावेत, कारण खाली वाकणे आणि स्टुलावर चढणे या दोन्ही गोष्टी उतारवयात धोक्याच्या ठरतात. वरचा माळा, ज्याला आता लॉफ्ट म्हणतात, तो रजया, जादा गाद्या, सुटकेस आणि गणपती-दिवाळीच्या सामानासाठी ठेवावा. रोजच्या वस्तूला तेथे जागा नसावी.

या साऱ्या आतल्या विचाराला बाजाराची एक रीत आड येते. कपाटाचे काम बहुधा दर्शनी भागाच्या चौरस फुटावर ठरते, म्हणजे रुंदी गुणिले उंची इतकेच मोजले जाते आणि आत किती फळ्या, किती ट्रे, किती उभे पडदे, म्हणजे खण वेगळे करणारे उभे तक्ते, आहेत याचा दरात स्पष्ट उल्लेख नसतो. साहजिकच काम घेणाऱ्याचे हित आत कमीत कमी विभागणी करण्यात असते आणि काम देणाऱ्याचे लक्ष दाराच्या रंगावर खिळलेले असते. ही कोणाची अप्रामाणिकता नव्हे, तर मोजणीच्या पद्धतीचा परिणाम आहे. आतील प्रत्येक खणाचे चित्र मापांसह कागदावर काढून, त्या कागदावरच दर ठरवला, तर हा प्रश्न उरत नाही. स्वतः कपाट बांधणे याचा अर्थ करवत स्वतःच चालवली पाहिजे असा या पुस्तकात घेतलेला नाही. पॅनेल कारखान्यात कापून घेऊन घरी जोडणारा गृहस्थ, आणि कुशल सुताराकडून आपल्या कागदाप्रमाणे काम करून घेणारी गृहिणी, हे दोघेही आपले कपाट स्वतः बांधतच असतात. बेत दुसऱ्यावर सोपवणारा मात्र ते विकत घेत असतो.

सामग्रीचा प्रश्न अधिक विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण फसगत बहुतेक येथेच होते. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे विषम संख्येने, प्रत्येकाच्या रेषा पुढच्याच्या आडव्या दिशेने ठेवून, डिंकाने व दाबाने चिकटवलेला तक्ता. रेषा अशा आडव्या-उभ्या बांधल्यामुळे तो सागाच्या अखंड फळीपेक्षाही पावसाळ्यात कमी फुगतो आणि उन्हाळ्यात कमी आक्रसतो. त्याची प्रतवारी लाकडापेक्षा डिंकावरून ठरते. युरिया फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाचे प्लाय दमटपणा सोसते पण पाणी सोसत नाही. फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाचे प्लाय उकळत्या पाण्यातही पापुद्रे सोडत नाही. भारतीय मानक ब्युरोने सर्वसाधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि सागरी प्रतीसाठी आयएस ७१० ही मानके घालून दिली असून, दुसऱ्या प्रतीची कसोटी ७२ तास उकळण्याची आहे. बाजारात मरीन हा शब्द कोणत्याही तक्त्यावर छापलेला आढळतो, म्हणून शब्द न वाचता मानकाचा क्रमांक व परवान्याची खूण वाचावी. संपूर्ण कपाट सागरी प्रतीचे करण्याची गरज नसते. पायथा, न्हाणीघराला लागून असलेली बाजू आणि बाहेरच्या भिंतीला टेकणारी पाठ एवढे भाग त्या प्रतीचे केले तरी खर्च आटोक्यात राहून आयुष्य वाढते. ब्लॉकबोर्ड, म्हणजे दोन पापुद्र्यांमध्ये लाकडाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी बसवलेला तक्ता, वजनाला हलका असून लांब दारांत प्लायपेक्षा सरळ राहतो, म्हणून सात फुटी दारांसाठी जाणते सुतार तोच मागतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड हे अनुक्रमे लाकडाच्या तंतूंचे व भुशाचे दाबलेले तक्ते गुळगुळीत आणि स्वस्त असतात, पण पाणी लागले की कडेने फुगतात आणि एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही.

हे तक्ते ज्या लाकडापासून होतात त्यालाही अलीकडचा इतिहास आहे. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने जंगलातील तोडीवर आणि विनापरवाना गिरण्यांवर कठोर बंधने आली, आणि प्लाय-उद्योग शेताच्या बांधावर वाढवलेल्या पॉप्लर व निलगिरीकडे वळला. हरियाणातील यमुनानगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील साग आजही देशात नावाजला जातो, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही तोच गेला. घरगुती कपाटात मात्र त्याचे स्थान आता प्लायच्या उघड्या कडेवर मारायच्या पट्टीपुरते उरले आहे, आणि तेवढे योग्यही आहे. अखंड सागाचे कपाट करण्याचा हट्ट जंगलालाही परवडणारा नाही. डिंकाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फॉर्मल्डिहाइड वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवाला कर्करोगकारक ठरवले आहे. म्हणून कमी उत्सर्जनाची, ई१ किंवा ई० अशी खूण असलेली सामग्री निवडावी, आतल्या सर्व उघड्या कडा झाकाव्यात आणि नवे कपाट भरण्यापूर्वी काही आठवडे दारे उघडी ठेवून खोलीत वारा खेळू द्यावा. लहान मुलाच्या खोलीत तर याबाबत कसलीही सवलत घेऊ नये.

हवामान हा या विषयातला दुसरा सूत्रधार होय. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलाव्याने भरलेली असते, बाहेरच्या भिंतीतून ओल झिरपते, आणि अशा भिंतीला कपाटाची पाठ चिकटवून ठोकली की पहिल्याच श्रावणात आतल्या कपड्यांना बुरशीचा वास लागतो. पाठीमागे अर्धा-पाऊण इंच हवेची पोकळी सोडणे, पाठ चार मिलिमीटरऐवजी सहा किंवा नऊ मिलिमीटरची घेऊन तिलाही आतबाहेर लॅमिनेट लावणे, खाली व वर जाळीची छिद्रे ठेवून हवा वाहती करणे, हे उपाय साधे आणि परिणामकारक आहेत. लॅमिनेट, ज्याला घरोघरी सनमायका म्हणतात, हा राळेत भिजवलेल्या कागदांचा दाबून केलेला पातळ थर तक्त्याच्या एकाच बाजूस लावला तर दोन्ही बाजूंचा ओलावा सारखा राहत नाही आणि दार धनुष्यासारखे वाकते. आतल्या बाजूस बॅलन्सिंग लॅमिनेट लावण्याचा आग्रह शोभेसाठी नसून याच कारणासाठी असतो. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा आहे. तेथे कोरड्या उन्हाळ्यात अखंड लाकडाच्या पट्ट्या आक्रसून सांधे उघडतात आणि धूळ दाराच्या फटीतून आत येते, म्हणून तेथे दारांच्या कडेला ब्रशची किंवा रबराची पट्टी उपयोगी पडते. वाळवीचा धोका मात्र दोन्हीकडे आहे, आणि ती बहुधा भिंतीतून किंवा फरशीच्या सांध्यातून येते, प्लायमधून नव्हे. तेव्हा कपाट उभे राहण्यापूर्वी भिंतीच्या व फरशीच्या सांध्यावर वाळवीनाशक उपचार करून घेणे हे नंतरच्या दहा फवारण्यांपेक्षा हिताचे ठरते. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, पुष्कळ ठिकाणी धुतलीही जाते; म्हणून कपाट जमिनीवर थेट न ठेवता तीन-चार इंचांच्या पायथ्यावर घ्यावे आणि तो पायथा शक्य तर दगडाचा किंवा सागरी प्लायचा असावा.

बेत कागदावर उतरला की तक्त्याचे गणित सुरू होते. प्लायचा तक्ता ८ फूट गुणिले ४ फूट, म्हणजे २४४० गुणिले १२२० मिलिमीटर असतो आणि करवतीचे पाते प्रत्येक कापात तीन-चार मिलिमीटर लाकूड खाते. आता २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. चार फुटी रुंदीतून करवतीची वाट वजा जाता दोन सारखे भाग ६०८ मिलिमीटरचेच निघतात. म्हणजे खोक्याची बाजू नेमकी २४ इंच मागितली तर एका तक्त्यातून एकच बाजू निघून उरलेला भाग रुंदीला अपुरा पडतो, आणि साडेतेवीस इंच मागितली तर दोन बाजू निघतात. अर्ध्या इंचाच्या, सुतारांच्या भाषेत चार सुतांच्या, या फरकाने मोठ्या कपाटात दोन-तीन तक्ते वाचू शकतात. कापणीची यादी काम सुरू होण्यापूर्वी करावी ती यासाठीच.

फळी वाकण्याचेही नियम आहेत. दर फुटावरचे वजन तेच राहिले, तर दोन्ही टोकांना टेकलेल्या फळीचा मधला झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे दोन फुटांची फळी तीन फुटांची केली की झोळ दीडपट नव्हे तर सुमारे पाचपट होतो. उलट जाडी वाढवली की ताठरपणा तिसऱ्या घाताने वाढतो, १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतल्यास तो पावणेतीनपटीच्या जवळ जातो. साड्या व चादरी दिसायला मऊ असल्या तरी थप्पीत जड असतात. म्हणून १८ मिलिमीटर प्लायच्या फळीचा पल्ला अडीच फुटांच्या आत ठेवावा, त्याहून रुंद खण हवाच असेल तर मध्ये उभा पडदा द्यावा किंवा फळीच्या पुढच्या कडेखाली दीड-दोन इंचांची पट्टी उभी मारावी. ही पट्टी खर्चाने नगण्य असते आणि फळीला अनेक वर्षे सरळ ठेवते.

मोजमापाचा विषय निघाला की भिंतीविषयी बोलावेच लागते. घराच्या भिंती डोळ्यांना सरळ दिसल्या तरी ओळंबा सोडून पाहिल्यास छतापर्यंत अर्धा-पाऊण इंच कललेल्या असणे ही सामान्य बाब आहे, फरशीला पाण्याचा उतार दिलेला असतो आणि कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. म्हणून दोन भिंतींमधील अंतर पायथ्याशी, कमरेशी आणि छताशी असे तीनदा घ्यावे, तिन्हींतील सर्वांत लहान माप धरावे, त्यातून अर्धा इंच वजा करावा आणि उरलेली फट शेवटी पट्टीने झाकावी. खोका भिंतीला न जुळवता पाणसळीला जुळवावा, कारण कललेल्या खोक्याची दारे कितीही चांगल्या बिजागऱ्या लावल्या तरी आपोआप उघडतात किंवा आपोआप मिटतात. जमिनीवर आडवा जोडलेला खोका उभा करतानाही भूमिती आड येते. ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल खोक्याचा कर्ण ८७ इंचांहून थोडा अधिक भरतो, तो कोणत्याही खोलीत उभा राहतो; परंतु राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीसाठी ठरवलेली किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट, असल्यामुळे नऊ फुटी अखंड खोका आडवा जोडल्यास त्याचा नऊ फूट अडीच इंचांचा कर्ण छताला अडतो. माळ्याचा खोका वेगळा करून वर चढवण्याची सुतारांची रीत या अडचणीतून आलेली आहे, आणि जो घरमालक पहिल्यांदाच हे काम हाती घेतो त्याने ती मुकाट्याने पाळावी. भिंतीत खिळा वा अँकर मारण्यापूर्वी ती विटांची आहे, हलक्या ब्लॉकची आहे की नव्या इमारतींतल्यासारखी सलग काँक्रीटची आहे, हे जाणून घ्यावे. काँक्रीटची भिंत वा तुळई जागेसाठी तासणे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

बिजागऱ्या, चॅनेल, मुठी, कुलपे यांना पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे, म्हणून येथे एवढेच सांगणे पुरे की लपत्या बिजागरीचा पेला ३५ मिलिमीटर व्यासाचा असतो, सात फुटी दाराला अशा किमान चार बिजागऱ्या लागतात, आणि दाराची रुंदी २० इंचांच्या पुढे गेली की त्यांच्यावरचा ताण झपाट्याने वाढतो. टेलिस्कोपिक चॅनेलला ड्रॉवरच्या प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा इंच जागा लागते. दाराच्या आत ड्रॉवर असेल तर उघडलेल्या दाराची जाडी वाटेत येते, म्हणून बिजागरीच्या बाजूला जादा पट्टी देऊन ड्रॉवर आत सरकवावा लागतो. ही पट्टी विसरल्यामुळे दारावर ओरखडे काढणारे ड्रॉवर असंख्य घरांत पाहायला मिळतात. खोली अरुंद असेल, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये दोन फूटही उरत नसतील, तर सरकती दारे घ्यावीत, मात्र त्यांच्या रुळांत तीन-चार इंच जातात आणि एका वेळी अर्धेच कपाट उघडते, हे आधी मान्य करून घ्यावे.

वाचकाला एक विनंती आहे. पुढील प्रकरणांतील आराखड्यांकडे वळण्यापूर्वी घरातील सध्याचे कपाट, ट्रंका आणि पलंगाखालचे गाठोडे रिकामे करावे, जे पुन्हा कधीच वापरले जाणार नाही ते गरजूंना द्यावे, उरलेल्याच्या व्यवस्थित घड्या घालून थप्प्या लावाव्यात आणि टेपने प्रत्येक थप्पीची लांबी, रुंदी व उंची, तसेच टांगायच्या प्रत्येक कपड्याची लांबी, घरातील ज्या माणसाची ती वस्तू आहे त्याच्या नावासमोर वहीत लिहावी. ती वही पूर्ण झाल्याशिवाय सुताराला बोलावू नये आणि प्लायचा एकही तक्ता विकत घेऊ नये.